दोन घोटांचा प्याला

माझ्या सासऱ्यांना स्वप्नं पडतात, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. मी या घरात सून म्हणून आले त्याला अकरा वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा, सासूबाई गेल्यापासून, ती स्वप्नं ऐकणारी मीच. न्याहारीला एक आणि दुपारच्या झोपेनंतर एक, असा रतीब. कधी नदी आमच्या दारात येते, जोडे काढून आत बसते आणि निघायचं नाव घेत नाही. कधी पांढरा उंट खरबुजांच्या मळ्यात शिरतो आणि बाबांना चिंबाय गावाचा रस्ता विचारतो. बाबा त्याला नीट समजावून सांगतात, कालव्याचा पूल ओलांड, मग डावीकडे, मग जुनी गिरणी. उंटाशी इतक्या आदबीनं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं चालतं चहावर. आमच्याकडे चहा ओतणं सुनेचं काम, आणि किती ओतायचा यातच तिची सगळी अक्कल दिसते. प्याल्याच्या तळाशी दोन घोट, फार तर तीन. ते संपले की प्याला परत माझ्या हातात येतो आणि मी पुन्हा दोन घोट ओतते. चहा जितका कमी, तितका मान जास्त. तुमचा प्याला पुन्हा पुन्हा यावा, तुम्ही बसून राहावं, एवढाच त्याचा अर्थ. आणि प्याला काठोकाठ भरून पुढे ठेवला, तर त्याचाही अर्थ शेंबड्या पोराला कळतो. प्या आणि निघा. नको असलेल्या पाहुण्याला आम्ही तोंडानं काही म्हणत नाही, नुसता प्याला भरतो.

बाबांचं डावं मूत्रपिंड दोन हिवाळ्यांपूर्वी काढून टाकावं लागलं. मुतखड्यांनी त्याची वाट लावली होती. आमच्या खारट मुलखात हे दुखणं घरोघरी आहे. विहिरीचं पाणी खारं, वारा खारा, आणि त्यावर आम्ही खातो तेही खारंच. या वसंतात त्यांच्या उजव्या बाजूलाही खडा निघाला. नुकूस शहरातल्या दवाखान्यात तो फोडून काढला आणि घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

तिथं माझी पंचाईत झाली. आमच्यात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, नावातला शब्दही उच्चारायचा नसतो. बाबांचं नाव तास्तेमिर, आणि त्यातला अर्धा भाग म्हणजे आमच्या बोलीत दगड; मुतखड्यालाही तोच शब्द. लिहिताना चालतं, तोंडानं नाही.

"आधीचं ऑपरेशन कशासाठी झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते रस्त्यावर पडलेलं असतं ना," मी म्हणाले, "कडक. पोरं कुत्र्याला मारतात, ते."

ऐझादा डॉक्टरीण आमच्यातलीच. तिनं ओठ चावून हसू आवरलं. "कळलं, सूनबाई. तुम्ही नका बोलू, मी बोलते. आजोबा, ऐकताय ना? तुमच्याकडं आता एकच मूत्रपिंड उरलंय. दिवसाला तीन लिटर पातळ पोटात गेलं पाहिजे, त्यातलं बरंचसं साधं पाणी. उन्हात असाल तर आणखी. लघवी गव्हाच्या काडीसारखी फिकी दिसली की समजायचं, जमलं. मीठ निम्म्यावर आणा. कुर्त बंद, सुकं मांस बंद, खारा मासा बंद. ताजं मांस तळहाताएवढं, तेही रोज नको."

"दूध तर आम्ही कधीच बंद केलंय," मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले. "दुधानंच ते होतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळा गाव."

"मग गावाला माझा निरोप द्या. दूध-दही जेवणाबरोबर घ्यायचं. बंद केलं तर खडे कमी होत नाहीत, उलट वाढतात. काळा कडक चहा नको, फिका दुधाचा चालेल. पाण्यात लिंबू पिळा."

बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, लागली डुलकी. तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "खरबूज?"

"खरबूज खा, कलिंगड खा, पाहिजे तितकं."

"मग ऐकतो," बाबा म्हणाले.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला दारापाशी थांबवलं. पुन्हा खडा होऊन अडकला तर हे मूत्रपिंडही हातचं जाऊ शकतं, म्हणाल्या. मग आठवड्यातून तीन दिवस रक्त गाळायचं मशीन, आणि त्यासाठी मुक्काम नुकूसलाच. नुकूस म्हणजे माझ्या नणंदेचं, बीबीसारा आपाचं घर, चौथ्या मजल्यावर. बाबा तिथं एकदा आठवडाभर राहिले होते. परत आले ते सुकून. "तिथं स्वप्नं येत नाहीत, पोरी," म्हणाले होते, "जिन्यातच दमतात." आता मला एवढं पक्कं कळलं होतं की मूत्रपिंड गेलं तर मळा गेला, आणि मळा गेला तर हा माणूस मशीनवर जिवंत राहूनही आमच्यात राहणार नाही. मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, तीन लिटर ना, नरसाळं लावून पाजीन.

पहिले पंधरा दिवस घरात लढाई होती. मी मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि शिडी शेजारणीला देऊन टाकली. ज्वारीची भाकरी बिनमिठाची, रस्सा जवळजवळ बिनमिठाचा, त्यात मांसाचे मोजके तुकडे. बाबा चमचा ढवळत बसायचे.

"हे मांस आहे का मांसाची आठवण?"

"आठवणच आहे, बाबा. तळहाताएवढी आठवण सांगितलीय."

"माझा तळहात बघ, तुझा नको बघूस."

दुधाचं त्यांना पटलं, लिंबाचं पटलं, पण कुर्त काही सुटेना. कुर्त म्हणजे खारवून वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, बोराएवढ्या. आमची माणसं दिवसभर गालात धरून चघळतात. मला त्या टोपीत सापडल्या, बुटात सापडल्या, रेडिओच्या पाठीमागे सापडल्या. मी त्या उचलून कोंबड्यांना टाकायचे आणि बाबा खिडकीतून कोंबड्यांकडे असं बघायचे, की मलाच वाईट वाटायचं. पण हळूहळू तेही सुटलं. राहिलं ते पाणी.

नवरा, जोलमुर्झा, दूर अक्ताऊ शहरात बांधकामावर. दोन मुली. आणि मी घरी शिवणकाम करते, त्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे शाळेचे गणवेश. या वर्षी चाळीस घेतले होते. एकदा सकाळी मशीनवर बसल्या बसल्या मी हिशेब घातला. दोन घोटांचा एक प्याला, असे तीन लिटर व्हायला साठ-सत्तर प्याले. साठ वेळा उठा, ओता, द्या, घ्या, आणि मध्ये उंट. मग कॉलर कधी लावायच्या?

दुसऱ्या दिवशी मी बाबांचा प्याला काठोकाठ भरला, त्यांच्यापुढे ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. थोड्या वेळानं आले, प्याला रिकामा. पुन्हा भरला, पुन्हा गेले. दुपारपर्यंत लिटरभर, संध्याकाळपर्यंत तीन. तक्रार नाही, कुरकुर नाही. हे मला आधीच का सुचलं नाही, असं वाटलं. रीत मला ठाऊक नव्हती असं नाही, पण डॉक्टरीणबाई बाबांच्या समोर बोलल्या होत्या. घरातल्या घरात औषधाला कसली आलीय रीत.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की बाबांनी स्वप्न सांगितलेलं नाही. मी मनाशी म्हटलं, पाणी भरपूर जातंय, झोप गाढ लागत असेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या दिवशी सहा गणवेश झाले.

पाचव्या दिवशी बाबांनी घोंगडी गुंडाळली, उशी काखेत मारली आणि म्हणाले, "मळ्यावर जातो. खरबुजं वासाला आलीत."

यात नवल काही नव्हतं. दर वर्षी या दिवसांत ते मळ्यातल्या मचाणावर राखणीला जातात आणि पीक उतरेपर्यंत तिथंच राहतात. मी पाण्याचे दोन डबे दिले, लिंबं दिली, ताक दिलं, बिनमिठाच्या भाकऱ्या कापडात बांधल्या.

"पाणी प्या हं, बाबा."

"पितो." ते उंबऱ्यात थोडा वेळ उभे राहिले, घराकडे नजर फिरवली, कोंबड्यांकडेही. "दार ओढून घे. वारा सुटलाय."

मला काही म्हणजे काही कळलं नाही. शेजारची पोरं रोज त्यांना भाकऱ्या पोचवत होती, मी मशीनवर होते.

चार दिवसांनी भर दुपारी बीबीसारा आपा दारात उभी. नुकूसहून बसनं आली होती आणि वाटेत मळ्यावर उतरून बापाला भेटून आली होती. जोडे न काढताच तिनं सुरुवात केली.

"काय गं शारिगुल, बापाला घराबाहेर काढलंस ते काढलंस, मला एक फोन तरी करायचास. बकरा कापला असता, चार माणसं बोलावली असती, नीट निरोप दिला असता."

"काय बोलताय, आपा?"

"प्याला भरून दिलास की नाही?"

"दिला. तीन लिटर पाजायचं सांगितलंय ना—"

"चार दिवस. त्याच्याच घरात. त्यानं बांधलेल्या चुलीवरच्या चहाचा."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"तो कशाला सांगतोय. मी म्हटलं, बाबा, ऊन मरणाचं आहे, घरी चला. तर म्हणतो, मला निरोप मिळालाय, बीबीसारा, आणि चांगल्या रीतीनं मिळालाय, तू भांडू नकोस. मी वकिलासारखं उलटसुलट विचारलं तेव्हा प्याल्याचं कळलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात मी रात्र रात्र जागले, या माणसाच्या ऑपरेशनला दोन्ही वेळा मी दाराशी बसले, याच्यासाठी सगळ्या घरानं मीठ सोडलं, पोरी शेजारी जाऊन भाकरी खायला लागल्या. आणि हा म्हणतो, मला निरोप मिळाला. मी हे सगळं आपाला ऐकवलं, चांगलं मोठ्यानं ऐकवलं. ती जोडे काढून शांतपणे बसली आणि माझं संपल्यावर म्हणाली,

"पाण्याचे दोन्ही डबे तसेच भरलेले. आणि या उन्हात कंबरेला शाल बांधून बसलाय."

जुलैत कंबरेला शाल कशासाठी लागते, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

"मी उद्या त्याला घेऊन जाते," आपा म्हणाली. "चौथा मजला तर चौथा मजला. निदान पाणी तरी पाजीन."

"आजचा दिवस द्या मला."

"आजचा दिला. उद्या सकाळी गाडी येईल. आधी तपासणी, मग पुढचं."

मी किटली घेतली, दोन प्याले घेतले, लिंबं घेतली आणि निघाले. मुली आपाजवळ ठेवल्या.

त्या वेळेला बाहेर कुणी जात नाही. सगळं पांढरं असतं. जमिनीवर मिठाची पातळ साय धरलेली, त्यावर हवा हलत असते आणि कालव्याकाठची झाडं जमिनीपासून वीतभर वर उभी दिसतात. मी चालत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते, एकाहून एक झणझणीत. पुलाच्या अलीकडेच खरबुजांचा वास आला. मळा दिसायच्या कितीतरी आधी तो येतो, आणि एकदा आला की माणसाचा राग आपोआप मंदावतो, पाय जड होतात, पापण्याही. मी तो राग धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला.

बाबा मचाणाखालच्या सावलीत झोपले होते. कंबरेला सासूबाईंची करडी शाल. मी चूल पेटवली, किटली चढवली आणि शेजारी बसले. पाण्याला आधण यायची वाट बघता बघता माझाही डोळा लागला असावा. कारण मला सासूबाई दिसल्या, पदर खोचून वेलांमधून चालताना, एकेका खरबुजावर बोटानं टिचकी मारून कान लावताना. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिकलेलं बाजूला, कच्चं तसंच, असं करत त्या आमच्यापर्यंत आल्या आणि बाबांच्या पाठीवर टिचकी मारून वाकल्या. मी विचारलं, काय आवाज येतोय? तेवढ्यात किटली उतू गेली.

बाबा जागे होऊन माझ्याकडे बघत होते. "कधी आलीस?"

"आत्ताच." मी उठून किटली उतरवली आणि जुळवून आणलेल्यातलं पहिलं वाक्य काढलं. "बाबा, मी तुम्हाला घराबाहेर काढलं?"

"कोण म्हणतं?"

"आपा."

"तिला लहानपणी वकिली शिकवायला हवी होती. चूक माझी."

"थट्टा नको. प्याला भरला तो औषध म्हणून भरला. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा तुम्ही समोर होतात. का झोपला होतात?"

"डोळे मिटले होते. कान नव्हते मिटले."

"मग?"

बाबा एका वेलाचं पान उलटंपालटं करत राहिले.

"पहिला भरलेला प्याला बघितला, तेव्हाच कळलं, औषध आहे," ते म्हणाले. "मी एवढा खुळा नाही, पोरी. प्याला भरला म्हणून मी गेलो नाही. प्याला ठेवून तू उठून गेलीस. मी तोंड उघडलं होतं, तर आतून मशीनचा आवाज सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग म्हटलं, हिचं बरोबर आहे. आजारी माणूस घराचे तास खातो. हिच्याकडं चाळीस गणवेश आहेत, दोन पोरी आहेत, नवरा लांब. इथं मळ्यात निदान मी कुणाचे तास खात नाही."

माझ्याजवळ उत्तरांची मोट बांधलेली होती, पण ती सगळी 'औषध' या शब्दापाशी संपणारी होती, आणि तो शब्द त्यांनी आधीच मान्य करून टाकला होता. त्यांना काहीही चुकीचं कळलं नव्हतं. जे खरं होतं तेच कळलं होतं.

"मला घाई होती, बाबा," मी म्हणाले. "आणि मी कंटाळले होते."

"उंटाला?"

"उंटालासुद्धा."

ते हसले, आणि हसता हसता त्यांचा हात कंबरेवर गेला, चेहरा राखेसारखा झाला. मी घाबरले. घाम पुसला, पाठीला उशी लावली. कळ ओसरल्यावर त्यांनी खिशातून काडेपेटी काढून उघडून दाखवली. आत तिळाएवढा करडा कण.

"काल पडला. परवापासून दुखतंय."

"आणि पाणी डब्यात तसंच. का, बाबा? माझ्यावरचा राग मूत्रपिंडावर काढायचा?"

"राग नाही. उतरत नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "डबा उघडतो, प्यायला घेतो, घसा मिटतो. मला आयुष्यभर कुणीतरी ओतून दिलंय. आधी आईनं, मग तुझ्या सासूनं, मग तू. एकट्यानं ओतून एकट्यानं प्यायचं म्हणजे मला वाटतं, सगळे गेले. मला भीती वाटते, पोरी. मला त्या चौथ्या मजल्यावर जायचं नाही."

मी त्यांना अकरा वर्षांत कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. रडत रडतच लिंबू कापलं, कोमट पाण्यात पिळलं आणि प्याल्याच्या तळाशी दोन घोट ओतून उजव्या हातानं तो पुढे केला. त्यांनी घेतला. प्याला परत आला.

"मग काय म्हणाला उंट?" मी विचारलं.

"उंट राहू दे. दुसरंच पडलंय," बाबा म्हणाले. मी पुन्हा ओतलं. "तुझी सासू मळ्यात पेरत होती. ओंजळ भरून पांढरं. मी म्हटलं, बियाणं पांढरं कसं? जवळ जाऊन बघतो तर मीठ. सगळ्या मळ्यात मीठ पेरत होती."

"तुम्ही थांबवलं नाही?" दोन घोट.

"थांबवलं. म्हटलं, यातून काय उगवणार? तर म्हणाली, तूच आणलंस की पोतं, माझ्या हातात दिलंस, मी पेरतेय." त्यांनी प्याला संपवला. "खरंच माझ्या खांद्याला पोत्याचा वळ होता. मग आम्ही दोघं पाट फोडायला गेलो. पाणी आलं, पण इतकं हळू, इतकं हळू. एका वेलापाशी पोचायला दिवस लागायचा. ती म्हणाली, घाई नको, जोरात सोडलंस तर वरूनच वाहून जाईल."

"मग?"

"मग आम्ही बसलो बांधावर. पाणी येत होतं."

मी ओतत होते. सावली मचाणाखालून सरकत वेलांवर गेली. पाणी येत होतं, बांधावर ती दोघं बसली होती, आणि मला ती दिसत होती, बाबांच्या डोळ्यांत नाही, समोरच्या मळ्यात. मध्येच नदी आली, जोडे हातात घेऊन. मध्येच माझी आई आली, तिला बाबांनी आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं, पण तिची चालण्याची तऱ्हा त्यांनी बरोबर सांगितली. मी एक खरबूज फोडलं. त्यांनी अर्धं खाल्लं आणि म्हणाले, याच्यातून तरी तू मीठ काढून घेतलेलं नाहीस. दोनदा ते वेलांपलीकडे जाऊन आले. तिसऱ्यांदा येताना नुसती मान हलवून म्हणाले, "गव्हाची काडी." माझे पाय बधीर झाले होते. घरी चौदा कॉलर लावायच्या होत्या. मी उठले नाही.

सकाळी आपा गाडी घेऊन आली तेव्हा पाण्याचा पहिला डबा रिकामा होता. तरी तिनं ऐकलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं. एकाच मूत्रपिंडाच्या माणसाला कळ आली की तपासून घ्यायलाच हवं. ऐझादा डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. आत काही अडकलेलं नव्हतं, होता तो कण पडून गेला होता. त्या मला रागावल्या, बाबांना रागावल्या आणि म्हणाल्या, महिना असाच गेला तर बघू. आपानं चौथ्या मजल्याचं नाव काढलं नाही. मी मात्र मनात ते रोज मोजत होते, आज नाही, आज नाही.

मी मशीन मळ्यावर नेलं. हातानं फिरवायचं, जुनं, सासूबाईंचं. मचाणाखाली एका बाजूला मशीन, एका बाजूला किटली. बटणं, काज, तुरपाई, असलं हातानं करायचं काम मी ओतता ओतता करायला शिकले. एक टाका, दोन घोट. गणवेश शेवटी एकतीसच झाले. नऊ जणींनी मला तोंडावर सुनावलं आणि पाठीमागे आणखी काय बोलल्या ते देवाला ठाऊक. एक तर म्हणाली, म्हाताऱ्याला पाणी पाजायला काय माणूस लागतो? मी म्हटलं, हो, लागतो.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात आम्ही पुन्हा नुकूसला गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, पडदा आमच्याकडे वळवला. एकही खडा नाही, वाळूही नाही. मी रोज टिपून ठेवायचे त्या वहीत त्यांनी बघितलं, मीठ किती, मांस किती, दूध केव्हा, पाणी किती. पाण्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"रोज तीन लिटर? आजोबा, माझ्याकडं तरणी माणसं येतात, त्यांनाही हे जमत नाही. तुम्ही कसं काय प्यायलात?"

बाबा सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"काय करणार, बाई," ते कुरकुरत म्हणाले, "ही उठतच नाही."